गोळ्या सारख्या, जगणे वेगळे

एचआयव्हीसह जगणाऱ्या माणसाला उपचार लागू पडत आहेत की नाहीत, हे आज रक्ताच्या एका चाचणीतून कळते. रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये विषाणूच्या किती प्रती आहेत हे मोजणारी ही चाचणी ‘व्हायरल लोड’ याच नावाने सर्वत्र ओळखली जाते, आणि गोळ्या न चुकवता घेणाऱ्या बहुतेकांमध्ये काही महिन्यांतच हा आकडा इतका खाली येतो की चाचणीला विषाणू सापडेनासा होतो. अशा व्यक्तीकडून लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, हे आता पक्के सिद्ध झाले आहे. त्या संशोधनातला एक निर्णायक टप्पा म्हणजे २०११ साली निष्कर्ष जाहीर झालेला ‘एचपीटीएन ०५२’ हा अभ्यास, आणि तो ज्या देशोदेशींच्या केंद्रांत झाला त्यांत पुणेही होते. सरकारी एआरटी केंद्रात, म्हणजे विषाणूची वाढ रोखणारी औषधे मोफत देणाऱ्या केंद्रात, स्त्रीला आणि पुरुषाला सामान्यतः त्याच गोळ्या मिळतात, दोघांची चाचणीही तीच असते आणि निकालाच्या कागदावर फरक दिसलाच तर तो अनेकदा स्त्रीच्या बाजूचा असतो, कारण पुरुष उपचारांसाठी उशिरा येतात आणि त्यांच्यातील मृत्यूंचे प्रमाण अधिक राहते. असे असूनही ‘जगणे कसे चालले आहे’ हा प्रश्न नीट, पद्धतशीरपणे विचारला की स्त्रिया आणि पुरुष यांची उत्तरे वेगवेगळ्या दिशांना जातात, आणि या फरकाची कारणे शोधू लागले की ती रक्तात कमी आणि घरात, शेतजमिनीच्या कागदांत, माहेर-सासरच्या व्यवहारांत अधिक सापडतात.

या प्रश्नाचे महाराष्ट्राशी असलेले नाते जवळचे आहे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, म्हणजे ‘नॅको’च्या, २०२१ सालच्या अंदाजानुसार भारतात सुमारे २४ लाख लोक एचआयव्हीसह जगत होते, त्यांपैकी सुमारे ३.९४ लाख एकट्या महाराष्ट्रात होते, आणि संख्येच्या दृष्टीने हे राज्य देशात पहिले होते. देशातील एकूण बाधितांमध्ये स्त्रियांचा वाटा सुमारे ४५ टक्के आहे. ज्या आजाराची चर्चा दीर्घकाळ ‘बाहेरख्याली पुरुष’ आणि ‘वेश्यावस्ती’ या दोनच शब्दांभोवती फिरत राहिली, त्या आजारात जवळपास निम्म्या स्त्रिया आहेत आणि त्यांतल्या फार मोठ्या संख्येने असलेल्या विवाहित स्त्रियांना ही लागण स्वतःच्या पतीकडून झालेली आहे, ही गोष्ट सर्वसामान्य वाचकापर्यंत अजूनही पुरेशी पोचलेली नाही.

जगण्याची गुणवत्ता ही कल्पना मोघम वाटली तरी ती मोजण्याची साधने बऱ्याच विचाराने तयार केलेली आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने या संकल्पनेची जी व्याख्या केली तिचा गाभा असा की, माणूस ज्या संस्कृतीत आणि ज्या मूल्यांच्या चौकटीत राहतो तिच्या संदर्भात, स्वतःच्या अपेक्षा, उद्दिष्टे आणि चिंता लक्षात घेऊन, त्याला स्वतःचे आयुष्य कसे वाटते ते पाहायचे. म्हणजे येथे निवाडा डॉक्टरचा नसतो, जगणाऱ्याचा असतो. एचआयव्हीसह जगणाऱ्यांसाठी संघटनेने वेगळी प्रश्नावली तयार केली आणि तिच्या ३१ प्रश्नांच्या छोट्या आवृत्तीचा वापर जगभर होतो. शारीरिक स्थिती, मानसिक स्थिती, स्वावलंबन, सामाजिक नाती, परिसर आणि श्रद्धा किंवा जीवनदृष्टी अशा सहा क्षेत्रांत हे प्रश्न विभागलेले असतात, मागील दोन आठवडे डोळ्यांपुढे ठेवून उत्तर द्यायचे असते आणि प्रत्येक उत्तराला एक ते पाच असे गुण असतात. झोप समाधानकारक लागते का, गरजेपुरते पैसे हाताशी असतात का, ये-जा करण्याची सोय कशी आहे, रोजच्या आयुष्यात सुरक्षित वाटते का, असे साधे प्रश्न त्यात आहेत. आणि त्यांच्या जोडीला याच आजारामुळे विचारावे लागणारे काही प्रश्न आहेत: ओळखीची माणसे तुम्हाला आपले मानतात असे वाटते का, लागणीबद्दल लोक तुम्हाला दोष देतात याचा किती त्रास होतो, भविष्याची भीती किती वाटते, मरणाची चिंता किती सतावते. ज्या प्रश्नावलीत बसभाड्याचा आणि मरणाचा प्रश्न शेजारीशेजारी येतो, ती आजारी माणसाच्या दिवसाच्या बरीच जवळ गेलेली असते असे म्हणायला हरकत नाही.

बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतील संशोधकांनी याच घराण्यातील प्रश्नावली वापरून दक्षिण भारतातील एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्री-पुरुषांचा केलेला अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. अभ्यास मोठा नव्हता, पण त्याचे निष्कर्ष बोलके होते. बहुतेक क्षेत्रांत दोघांच्या गुणांमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. तो आढळला तो दोन क्षेत्रांत, आणि तोही परस्परविरुद्ध दिशांनी. परिसर या क्षेत्रात, ज्यात घर, पैसा, सुरक्षितता, वाहतूक, आरोग्यसेवेपर्यंतची पोच यांचा समावेश होतो, पुरुषांचे गुण अधिक होते. श्रद्धा आणि जीवनदृष्टी या क्षेत्रात स्त्रियांचे गुण अधिक होते. तपशिलात गेल्यावर पैसा, प्रवासाची सोय, लैंगिक जीवन आणि मनाची प्रसन्नता या बाबतींत पुरुष पुढे होते, तर दोष आणि क्षमा या बाबतीत स्त्रियांची स्थिती बरी होती. हा शेवटचा भाग समजून घेण्यासारखा आहे. ज्या स्त्रीला लागण पतीकडून झाली तिला समाजाने कितीही बोल लावला तरी तिच्या स्वतःच्या मनात अपराधाची भावना तेवढी खोल नसते. पुरुषाला मात्र, लोक त्याला पाठीशी घालत असले तरी, आपल्यामुळे बायकोला आणि कदाचित लेकरालाही हे भोगावे लागले हा सल आतून पोखरत असतो.

हा फरक सर्वत्र एकाच मापाचा नाही. काही अभ्यासांत स्त्रियांचे गुण जवळजवळ सर्व क्षेत्रांत कमी येतात, काहींत फरक पुसट असतो, आणि शिक्षण, उत्पन्न, वैधव्य व नोकरी या गोष्टी हिशेबात घेतल्या की स्त्री-पुरुषांमधील अंतर अनेकदा बरेच आक्रसते. याचा अर्थ अंतर खोटे आहे असा नव्हे. विषाणू स्त्रीच्या शरीरात शिरला म्हणून ती अधिक दुःखी झाली असे नसून शिक्षण, उत्पन्न आणि निवारा यांच्या वाटपात ती आधीपासूनच मागे होती आणि आजाराने त्या जुन्या तुटीवर व्याज चढवले, असा त्याचा अर्थ आहे.

ही तूट कशी चढत जाते ते पाहण्यासाठी लागण घरात कळते त्या क्षणापासून सुरुवात करावी लागते. पुण्यात १९९३ ते १९९६ या काळात गुप्तरोगांच्या दवाखान्यांत येणाऱ्या स्त्रियांची तपासणी करून डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक निबंध १९९७ साली अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यात शरीरविक्रय न करणाऱ्या, म्हणजे बहुतांशी संसारी, स्त्रियांमध्येही १३.६ टक्के जणींना एचआयव्हीची लागण आढळली होती, आणि या स्त्रियांच्या बाबतीत धोक्याचे मुख्य कारण त्यांचे स्वतःचे वर्तन नसून पतीकडून होणारा संसर्ग हे होते. एकनिष्ठ राहणे हे संरक्षण आहे असा जो प्रचार त्या काळी जोरात होता, त्याला या निष्कर्षाने छेद दिला. परंतु लागण पतीकडून आली तरी ती उघडकीस येते ती बहुधा पत्नीच्या तपासणीत, कारण गरोदरपणी प्रत्येक स्त्रीची एचआयव्ही चाचणी करण्याची पद्धत आहे आणि पुरुषाच्या आयुष्यात अशी ठरावीक तपासणीची वेळ येतच नाही. आईवर उपचार नसतील तर बाळाला लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते आणि योग्य उपचारांनी ती ५ टक्क्यांच्या खाली आणता येते, त्यामुळे ही चाचणी अत्यावश्यकच आहे. पण तिचा एक सामाजिक परिणाम असा होतो की घरात पहिला कागद सुनेच्या नावाचा येतो, आणि ज्याच्या नावाचा कागद पहिला, त्यानेच आजार आणला असे ठरून जाते. त्यानंतर पतीची चाचणी झाली तरी ‘हिच्यामुळे त्याला झाले’ हे वाक्य सासरच्या ओट्यावरून सहसा हलत नाही.

कायद्याने ही भीती ओळखली आहे, हे सांगितले पाहिजे. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम २०१७ मध्ये संमत झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. संमतीशिवाय चाचणी करू नये, निकाल गुप्त ठेवावा, नोकरी, शिक्षण, उपचार आणि निवास यांत भेदभाव करू नये, अशा तरतुदींबरोबरच त्यात जोडीदाराला माहिती देण्याविषयीचे एक कलम आहे. ठरावीक परिस्थितीत डॉक्टर किंवा समुपदेशक जोडीदाराला लागणीची माहिती देऊ शकतो. मात्र त्यामुळे मारहाण होईल, घराबाहेर काढले जाईल किंवा जिवाला आणि मनाला गंभीर अपाय होईल अशी सयुक्तिक भीती असेल, तर, विशेषतः स्त्रियांच्या बाबतीत, ती माहिती देऊ नये, असे हे कलम सांगते. आजाराविषयीच्या कायद्यात घरातल्या हिंसेचा असा उल्लेख करावा लागतो, यावरून परिस्थितीचा अंदाज येतो.

पती वारल्यावर काय होते, याविषयीचा सर्वात अस्वस्थ करणारा पुरावा २००६ सालचा आहे. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम, नॅको आणि राष्ट्रीय उपयोजित आर्थिक संशोधन परिषद यांनी महाराष्ट्रासह सहा राज्यांत केलेल्या पाहणीत असे आढळले की एड्सने पती गमावलेल्या ९० टक्क्यांहून अधिक स्त्रिया सासरी राहत नव्हत्या आणि ७९ टक्के स्त्रियांना पतीच्या मालमत्तेत वाटा नाकारण्यात आला होता. हिंदू उत्तराधिकार अधिनियमाने १९५६ पासून विधवेला पहिल्या वर्गाची वारस ठरवले आहे, तरी हे घडते, आणि ते कसे घडते हे गावाच्या पातळीवर पाहिल्याशिवाय कळत नाही. सातबारा बहुधा सासऱ्याच्या किंवा भावाभावांच्या सामाईक नावावर असतो, पतीचा हिस्सा वेगळा मोडलेला नसतो आणि तो गेल्यावर वारसनोंद करून घ्यायला तलाठ्याकडे जायचे तर मृत्यूचा दाखला, वारसांची माहिती आणि घरच्यांचा होकार यांची जुळवाजुळव करावी लागते. फेरफाराला कोणी हरकत घेतली तर प्रकरण लांबते; वाटणीचा दावा करायचा तर वकील, तारखा आणि तालुक्याच्या ठिकाणी हेलपाटे आले. जी स्त्री स्वतः आजारी आहे, जिचे मूलही कदाचित औषधांवर आहे आणि जिच्या मागे माहेरी ‘हिला किती दिवस ठेवायचे’ ही कुजबुज सुरू आहे, ती या सगळ्यात पडत नाही; अंगावरचे दागिने आणि कपड्यांची पिशवी घेऊन ती निघते, आणि प्रश्नावलीतल्या ‘परिसर’ क्षेत्रात तिचे गुण का कमी येतात याचे उत्तर त्या निघण्यातच असते.

दागिनेही अनेकदा उरलेले नसतात. भारत सरकारने मोफत एआरटी १ एप्रिल २००४ पासून सुरू केली. त्याआधी औषधे विकत घ्यावी लागत. मुंबईच्या सिप्ला कंपनीने २००१ साली तीन औषधांचा वर्षाचा संच ३५० डॉलरला देण्याची तयारी दाखवून जगभरच्या किमती खाली आणल्या हे खरे असले, तरी वर्षाला पंधरा-सोळा हजार रुपयांची ही रक्कमही त्या काळी मजूर किंवा अल्पभूधारक कुटुंबाच्या आवाक्याबाहेरच होती. घरात पैसा जेवढा होता तेवढा आधी पुरुषाच्या औषधपाण्यावर गेला, कारण तो कमावता होता आणि कारण तो आधी आजारी पडला. पत्नीने त्याची शुश्रूषा केली, आणि तिची पाळी आली तेव्हा ना पैसा होता ना शुश्रूषा करणारे माणूस. आज औषधे मोफत असली तरी शुश्रूषेची ही विषम वाटणी बदललेली नाही. पती आजारी असेल तर त्याच्यासोबत एआरटी केंद्राच्या रांगेत पत्नी बसलेली दिसते. पत्नीच्या सोबत बहुतेक वेळा कोणी नसते, किंवा सहा-सात वर्षांचे मूल असते.

शरीराच्या पातळीवरही काही फरक आहेत आणि त्यांतले काही थेट स्त्रीच्या सामाजिक स्थानावर आघात करतात. भारतातील उपचारांच्या पहिल्या दशकात स्टॅव्ह्युडीन हे स्वस्त औषध सर्रास दिले जाई. ते विषाणूवर चांगले काम करी. पण काही वर्षांनी त्यामुळे चेहऱ्यावरची आणि हातापायांवरची चरबी झडे, गाल आत जात, शिरा वर येत, आणि काहींच्या पोटावर किंवा मानेमागे मात्र चरबी साठे. रक्तातला विषाणू आटोक्यात असलेली बाई चेहऱ्यावरून ओळखू येऊ लागे; वर्षानुवर्षे जपलेले गुपित औषधच फोडी. पुरुषांच्या चेहऱ्यावरही हाच परिणाम होई, पण बाईच्या रूपावर जितके डोळे असतात तितके पुरुषाच्या रूपावर नसतात. पुढे हे औषध मागे पडले आणि आता डोल्युटेग्रॅव्हिर असलेली, रोज एकदाच घ्यायची एक गोळी दिली जाते. तिचे दुष्परिणाम पुष्कळच सौम्य आहेत, मात्र वजन वाढण्याचा परिणाम स्त्रियांमध्ये अधिक आढळतो. याच औषधामुळे गर्भाच्या मज्जारज्जूत दोष येतो की काय अशी शंका २०१८ साली बोत्स्वानातील नोंदींवरून निर्माण झाली आणि काही काळ मूल होण्याच्या वयातील स्त्रियांना ते देताना हात आखडता घेतला गेला. पुढील माहितीने ती शंका निवळली. शिवाय एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रीला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका इतर स्त्रियांच्या तुलनेत सुमारे सहापट असतो, तरीही त्याची तपासणी एचआयव्हीच्या उपचारांइतकी हाताशी आलेली नाही.

मातृत्वाचा भाग याहून नाजूक आहे. लग्नाला दोन वर्षे झाली आणि पाळणा हलला नाही की प्रश्न सुरू होतात, आणि लागण लपवून ठेवलेल्या जोडप्याला मूल का होऊ देत नाही याचे खरे कारण सांगता येत नाही. मूल झाल्यावर अंगावर पाजणे हा पुढचा पेच होता, कारण आईच्या दुधातून लागण होण्याची भीती असल्याने पूर्वी ज्यांना परवडेल त्यांना वरचे दूध देण्याचा पर्याय सुचवला जाई. आणि बाळंतिणीने बाळाला अंगावर न घेणे ही ग्रामीण घरात लपून राहणारी गोष्ट नव्हे. भारतात २०१४ पासून गरोदर स्त्रीला निदान होताच आयुष्यभरासाठी एआरटी सुरू करण्याचे धोरण आले आणि औषधे घेत असताना पहिले सहा महिने केवळ अंगावरचे दूध द्यावे असा सल्ला रूढ झाला. एका वैद्यकीय निर्णयाने कितीतरी आयांच्या मागची चौकशी थांबली असेल, याची नोंद कोणत्याही व्हायरल लोडच्या कागदावर होत नाही.

पुरुषांच्या वाट्याला येणारे हाल वेगळ्या जातीचे आहेत आणि त्यांच्याकडे दुर्लक्ष करून या विषयाला न्याय मिळणार नाही. पुरुष उशिरा येतात. येतात तेव्हा रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशींची, म्हणजे सीडी-४ पेशींची, संख्या बरीच घसरलेली असते आणि क्षयरोगासारखा एखादा आजार सोबत जडलेला असतो. मुंबईत किंवा साखर कारखान्याच्या हंगामात राबणाऱ्या मजुराला गोळ्यांसाठी केंद्रात जायचे म्हणजे एक खाडा, आणि खाड्याचे कारण मुकादमाला सांगता येत नाही. कमावता म्हणून ज्याची किंमत केली जाते, त्याची ताकद घटली की त्याची स्वतःच्या नजरेतली किंमतही घटते. दारूचा आधार, गोळ्या मध्येच सोडणे, कोणापाशीच न बोलणे, ही पुढची पायरी असते. स्त्रियांना निदान समुपदेशकापाशी रडता येते. पुरुष तेथेही ‘बरे आहे’ एवढेच म्हणतो आणि बाहेर पडतो. तृतीयपंथीयांची परिस्थिती याहून बिकट आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली त्यांची स्वतंत्र ओळख मान्य केली, पण स्त्री आणि पुरुष अशा दोनच रकान्यांत मांडलेल्या बहुतेक अभ्यासांत त्यांचे जगणे मोजलेच गेलेले नाही.

माणसाला स्वतःचे आयुष्य कसे वाटते हे विचारण्याच्या या पद्धतीची एक मर्यादा अमर्त्य सेन यांनी फार पूर्वी दाखवून दिली आहे. बंगालच्या दुष्काळानंतर १९४४ साली कलकत्त्याजवळच्या सिंगूर येथे झालेल्या आरोग्य पाहणीत ४८.५ टक्के विधुरांनी आपली प्रकृती बरी नसल्याचे सांगितले, तर विधवांमध्ये हे प्रमाण अवघे २.५ टक्के होते. विधवा निरोगी होत्या असे यावरून कोणीही म्हणणार नाही. आपल्या दुखण्याची दखल घ्यावी इतके आपण महत्त्वाचे आहोत, असे मानण्याची सवयच त्यांना नव्हती. एचआयव्हीच्या अभ्यासांत श्रद्धेच्या क्षेत्रात स्त्रियांना मिळणारे अधिक गुण वाचताना हे उदाहरण लक्षात ठेवावे लागते. व्रतवैकल्ये, वारी, देवळातली ओळखीची मंडळी यांतून त्यांना खरोखर बळ मिळते हे नाकारण्याचे कारण नाही. पण ‘नशिबात होते ते झाले’ हा स्वीकारही त्याच रकान्यात समाधान म्हणून मोजला जातो, आणि दोन्हींमधला फरक ३१ प्रश्नांना कळत नाही. याच न्यायाने, जेथे स्त्रियांचे गुण कमी आले आहेत तेथे खरी तूट आकड्यांत दिसते त्याहून मोठी असण्याचा संभव आहे.

संघटित होण्याने काय बदलते, याची उदाहरणे आहेत. चेन्नईत १९९८ साली पी. कौसल्या आणि इतर बाधित स्त्रियांनी ‘पॉझिटिव्ह विमेन नेटवर्क’ उभे केले. सांगलीत १९९२ पासून काम करणाऱ्या ‘संग्राम’ संस्थेच्या साथीने शरीरविक्रय करणाऱ्या स्त्रियांनी १९९६ साली ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ स्थापन केली आणि कंडोम वाटण्यापासून ते पोलीस ठाण्यात आणि इस्पितळात आपल्या बहिणींच्या बाजूने उभे राहण्यापर्यंतची कामे स्वतःच्या हातात घेतली. या स्त्रियांच्या माथी कलंक सर्वात मोठा होता, पण स्वतःची कमाई आणि एकमेकींची साथ त्यांच्याकडे होती. गावातल्या ‘चांगल्या घरच्या’ बाधित विधवेकडे यांपैकी एकही गोष्ट नसते. तिची अब्रू हीच तिच्या एकटेपणाची भिंत होते. सरकारी मदतीची वाटही तिला याच भिंतीपाशी आणून सोडते. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत एड्सग्रस्तांचा समावेश आहे, पण अर्जाला आजाराचा दाखला जोडायचा म्हणजे जे गुपित सासरच्यांपासून लपवले ते कार्यालयातल्या टेबलांवरून फिरू द्यायचे, आणि म्हणून कित्येक जणी हक्काच्या पैशावर पाणी सोडतात.

उपचारांचे यश मोजण्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी आधी ९०-९०-९० आणि नंतर ९५-९५-९५ अशी उद्दिष्टे ठरवली: बाधितांपैकी इतक्यांना आपली लागण माहीत असावी, त्यांपैकी इतके उपचारांवर असावेत आणि त्यांपैकी इतक्यांचा विषाणू आटोक्यात असावा. विषाणू आटोक्यात आलेल्यांपैकी ९० टक्क्यांचे जगणेही चांगल्या गुणवत्तेचे असावे, असे चौथे उद्दिष्ट यात जोडावे अशी मागणी काही तज्ज्ञांनी २०१६ साली केली. ती मागणी येथे मनावर घ्यायची तर एआरटी केंद्रातील वहीत वजन, सीडी-४ आणि उरलेल्या गोळ्यांची संख्या यांच्या शेजारी आणखी काही गोष्टी लिहाव्या लागतील: राहायला घर कोणाचे आहे, वारसनोंद झाली का, हातात येणारा पैसा कोणाकडून येतो, पुरुषाच्या बाबतीत काम टिकून आहे का आणि तो कोणापाशी बोलतो का. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ नुसार स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, आणि कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २००५ नुसार सासरच्या घरात राहण्याचाही. तालुका विधी सेवा समितीचा वकील महिन्यातून एक दिवस एआरटी केंद्रातच, समुपदेशकाच्या शेजारच्या खोलीत बसला, तर गोळ्या घ्यायला आलेल्या स्त्रीला त्यासाठी वेगळा खाडा करावा लागणार नाही आणि आपण कोठे गेलो होतो याचा खुलासाही घरी द्यावा लागणार नाही.